मल्लखांब, गुडघा आणि बधिर पाऊल

मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याच्या क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला आणि २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार उज्जैनचे मल्लखांब प्रशिक्षक योगेश मालवीय यांना मिळाला. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गोव्यातील प्रेक्षकांनीही हा खेळ पाहिला. त्यात शरीराचा भार अनेकदा केवळ मांड्या, गुडघे आणि पोटऱ्यांच्या पकडीवर तोललेला असतो. साहजिकच गुडघ्यावर ताण येतो. मात्र गुडघा दुखणे आणि पाय बधिर होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आखाड्यात त्यांना एकाच तेलाने चोळले जाते, हीच अडचण आहे.

उडी घेऊन उतरताना किंवा जिना चढताना वाटीभोवती दुखत असेल, तर दोष बहुधा वाटीवर पडणाऱ्या भाराचा असतो. वाढीच्या वयातील मुलांमध्ये वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावरही दुखते. दोन्ही प्रकारांत उड्या कमी करणे आणि मांडीचे स्नायू हळूहळू बळकट करणे उपयोगी पडते.

बधिरतेचे मूळ मात्र बहुधा मज्जातंतूत असते. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, थोडे खाली, हाडाचा छोटा गोळा हाताला लागतो. त्याला वळसा घालून जाणारा पेरोनियल मज्जातंतू जवळजवळ कातडीलगतच असतो. खांबाची कडक पकड किंवा दोरीचा वेढा तेथे दाबला गेला, की नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो. अशा वेळी गुडघ्यावर घट्ट पट्टा आवळणे म्हणजे दाबात भर घालणेच. धावताना ठरावीक वेळाने पोटरी वा नडगी ताठरून बधिर होत असेल आणि विश्रांतीने उतरत असेल, तर स्नायूंच्या कप्प्यातील वाढलेल्या दाबाची शंका घ्यावी. कंबरेपासून खाली कळ येत असेल, तर मणका तपासावा.

पाऊल वर उचलता न येणे हे तातडीने डॉक्टरांकडे जाण्याचे लक्षण आहे. जांघेत बधिरता येऊन लघवी अडल्यास तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जातंतूचे केवळ आवरण दुखावले असेल, तर संवेदना काही आठवड्यांत परतते. आतील तंतूच तुटले असतील, तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात आणि गुडघ्यापासून पावलापर्यंत पोहोचायला वर्षही लागू शकते.