दसऱ्याच्या दिवशी बंद दार

लहानपणी दसऱ्याच्या संध्याकाळी सोने वाटायला निघालो, की आमच्या पनवेलच्या आळीतले एक घर मी शेवटासाठी राखून ठेवीत असे. त्या घरच्या आजी आपट्याचे पान दोन्ही हातांत घेत, "सोन्यासारखा राहा रे बाळा," म्हणत, आणि मग डब्यातून काहीतरी गोड काढून हातावर ठेवीत. एका वर्षी मात्र त्या घराचे दार बंद होते. नुसते लोटलेले नव्हे. आतून कडी होती, खिडक्याही मिटलेल्या. आत माणसे नसावीत म्हणावे, तर ओसरीवर चपला होत्या. मी हिरमुसून परत आलो. आई म्हणाली, "अरे, आज त्यांचा दार लावायचा सण. उद्या जा."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर दार सताड उघडे, घरात माणसांची ये-जा, आणि आजी दाराशी भिक्षेकऱ्यांना पैसे वाटीत उभ्या. माझ्या हातातली कोमेजलेली पाने पाहून त्या हसल्या. "आज आमचा शिळा सण," त्या म्हणाल्या, "आणि तू शिळे सोने घेऊन आलास. शोभले!"

आजी बेने इस्राएल होत्या. नऊवारी नेसणाऱ्या, गळ्यात मंगळसूत्र घालणाऱ्या, आमच्या आईपेक्षा चोख मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक लहानशी नळी तिरपी ठोकलेली असे. येता-जाता तिला बोटे लावून घरची माणसे ती ओठांना लावीत. 'मेझुझा' हा तिच्यासाठीचा शब्द मला फार वर्षांनी कळला. तेव्हा एवढेच ठाऊक होते, की या घरात देव दाराशीच भेटतो.

तेल्याचा शनिवार

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. गावोगाव पांगलेल्या या लोकांनी गावांचीच आडनावे घेतली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, पनवेलचे पनवेलकर. बहुतेकांनी तेलाच्या घाणीचा धंदा धरला. पोथ्या नव्हत्या, धर्मगुरू नव्हते, हिब्रू भाषाही विसरली होती. 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. जन्म, लग्न, मृत्यू, कोणताही प्रसंग असो, तीच म्हणायची. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले असलेलेच मासे, आणि शनिवारी घाणी बंद.

ही शेवटची गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण तिचा हिशेब करून पाहावा. हातावर पोट असलेल्या तेल्याने आठवड्यातला एक दिवस, वर्षातले बावन्न दिवस, बैल दावणीला बांधून ठेवायचे. सोमवारी विश्रांती घेणारा तेली शेजारी असला, तर शनिवारचे गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार. शिवाय हे का करायचे, हे सांगणारा ग्रंथ घरात नाही. बापाने केले म्हणून मुलाने करायचे. गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. बाहेरच्यांना दिसलेला त्यांचा धर्म तो एवढाच. पुढे कोचीनहून डेव्हिड राहाबी नावाचे गृहस्थ कोकणात आले, त्यांनी या लोकांच्या चालीरीती पाहिल्या, आणि हे आपलेच भाऊबंद आहेत हे ओळखले, असे सांगतात. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांनी बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले, आणि त्यांनी बिनखवल्याचे वेगळे काढून टाकले, ही कथा मात्र प्रत्येक घरात ठाऊक असते.

एकाच चंद्राचे सण

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला 1937 मध्ये. त्यात सणांची जुनी मराठी नावे आहेत, आणि ती वाचताना कोणत्याही कोकणी घरात गेल्यासारखे वाटते. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. पुढे 'खिरीचा सण'. शोकाचा उपास सोडताना वालाचे बिरडे खायचे, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. पुरीम हा तर 'होळीचा सण'. आणि प्रायश्चित्ताचा मोठा दिवस, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो 'दारफळणीचा सण', म्हणजे दारे बंद करण्याचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कोणाशी संपर्क नाही. वाडवडिलांचे आत्मे त्या दिवशी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, अशी जुनी समजूत होती. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी अशीच.

होळीशी आणि दसऱ्याशी पडणारी ही गाठ निव्वळ योगायोग नव्हे. ज्यू पंचांगही चंद्राचे महिने मोजते, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून आपल्या अधिक मासासारखा महिना घालते, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यांचा तिश्री महिना आपल्या भाद्रपदाशी किंवा आश्विनाशी जुळतो. आश्विनाशी जुळला, की पहिल्या तिथीला इकडे घटस्थापना आणि तिकडे नवे वर्ष. दहाव्या तिथीला इकडे दसरा आणि तिकडे कडकडीत उपास. 2024 साली 12 ऑक्टोबरला असेच झाले, आणि 2025 साली 2 ऑक्टोबरला पुन्हा. पनवेलचा बाजार झेंडूने पिवळा झालेला असताना त्याच गावातल्या काही घरांत सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत पाण्याचा थेंब घेतला जात नव्हता.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. हिब्रू शिकवणारे आले, छापखाने आले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्यास 1874 साली निघालेल्या प्रतीतल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. कोकणात प्रार्थनामंदिरे उभी राहिली. रेवदंड्याला 1842, अलिबागला 1848, पनवेलला 1849, पेणला 1863. पनवेलच्या मंदिराचे नाव बेथ एल, म्हणजे देवाचे घर. जुनी माणसे सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. आजीही तसेच म्हणत. घरातला दार लावायचा सण आता मंदिरातल्या दिवसभराच्या प्रार्थनेचा सण झाला. आजींच्या घराने मात्र जुनी रीत सोडली नाही. पुरुष पहाटेच मंदिरात, आणि घराला कडी.

एका घरातल्या तीन रीती

आजींचे पाळणे हे असे, की त्याला 'का' नव्हते. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक आटोपायचा, दिवा लावायचा, काळ्या मनुकांचे शरबत पेल्यात ओतायचे. ताप असला तरी उपास. वैद्याने बजावले तर त्या म्हणत, "औषध उद्या घेते. देव आजच येणार आहे."

त्यांचे चिरंजीव, आम्ही त्यांना काका म्हणत असू, मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला होते. त्या काळी शनिवारी अर्धा दिवस काम असे. काका जात. आजींना ते सलत असे, पण घर त्या पगारावर चालत होते. काकांनी आपल्यापुरता एक नियम केला होता. शनिवारी ते पैशाला हात लावीत नसत. येण्याजाण्याचे तिकीट आदल्या दिवशी काढलेले. वाटेत चहा नाही, वर्तमानपत्र नाही. मी एकदा त्यांना विचारले, "काका, कामावर जाता, मग एवढ्याने काय होते?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "नोकरी माझ्या हातात नाही. खिसा आहे."

मला वाटते, धर्म पाळणाऱ्या बहुतेक मध्यमवर्गीय माणसांची गोष्ट या दोन वाक्यांत आली. आपणही संकष्टीला चंद्रोदयाऐवजी गाडीच्या वेळेवर उपास सोडतो, आणि चातुर्मासातला एखादाच नियम जिवापाड सांभाळतो. सगळे जमत नाही, म्हणून काहीच नको, असे काका म्हणाले नाहीत. थोडे जमते, तेवढ्यावर आपण पुरे धार्मिक आहोत, असेही त्यांनी कधी भासवले नाही.

काकांचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला आहे. तो नव्या मुंबईत राहतो, पण जुने घर त्याने विकलेले नाही. त्याची रीत तिसरी. तो सरळ सांगतो, "मी उपास करीत नाही. खोटे कशाला बोलू?" देव आहे की नाही, याबद्दलही त्याला खात्री नाही. तरीही दर वर्षी त्या दिवशी तो रजा टाकतो आणि पनवेलच्या मंदिरात जाऊन बसतो.

दहावा माणूस

त्याचे कारण समजायला एक नियम ठाऊक हवा. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. या दहांना 'मिन्यान' म्हणतात. नऊ असले तर तोराची गुंडाळी वाचण्यासाठी बाहेर निघत नाही, आणि मृत बापासाठी मुलाला 'कद्दीश' म्हणता येत नाही. नऊ विद्वान जमले तरी नाही, आणि दहा अडाणी जमले तर होते.

एके काळी हा प्रश्न पनवेलला पडत नव्हता. पण 1948 साली इस्राएलचे राज्य झाले, आणि गावेच्या गावे रिकामी होऊ लागली. तेव्हा सुमारे वीस हजारांचा असलेला हा समाज हळूहळू अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना अशा गावी गेला. आज भारतात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास असतील. जे गेले, त्यांच्या वाट्याला प्रारंभी एक कडू अनुभव आला. तुम्ही खरे ज्यू कशावरून, असे तिथल्या धर्मपीठाने विचारले, आणि त्यांच्या लग्नांसाठी पिढ्यांचे दाखले मागितले. बेने इस्राएल लोकांनी निदर्शने केली, आणि 1964 साली तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिल्यावर ते प्रकरण मिटले. पोथीवाचून ज्यांनी शतकानुशतके शनिवारची घाणी बंद ठेवली, त्यांनाच हा सवाल झाला.

आजींची एक मुलगी तिकडे गेली होती. ती एकदा माहेरी आली असता म्हणाली, "तिकडे किप्पूरला रस्त्यावर मोटार दिसत नाही. दुकाने बंद, रेडिओ बंद. काही ठरवावे लागतच नाही. सण आपणहून येतो." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे आपण त्याला बोलवावे लागते."

काका गेले तेव्हा मुलाने ठरवले, की आपला विश्वास असो वा नसो, वडिलांसाठी कद्दीश म्हणायचे. रीतीप्रमाणे ते अकरा महिने. शनिवारी तो पनवेलला येई. कधी दहा जमत, कधी आठच. मग कोणी फोन करी, कोणी पेणहून येई, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकीत, पायऱ्यांशी दम खात येत. "त्यांतल्या निम्म्यांची माझ्या वडिलांशी ओळखही नव्हती," तो मला म्हणाला. "ते आले नसते, तर मला तोंड उघडता आले नसते. आता दुसऱ्या कोणाच्या बापासाठी दहावा लागला, तर मी घरी कसा बसू? आत मोजताना कोणी विचारीत नाही, तू जेवलास का, तुझा देवावर विश्वास आहे का. मी तिथे आहे, एवढेच मोजतात."

मी मनात आजींना त्याच्या शेजारी उभे केले. त्याच्या उपास न करण्यावर त्या रागावल्या असत्या, यात शंका नाही. पण रजेचा अर्ज लिहून, दिवसभर त्या बाकावर बसणाऱ्या नातवाला पाहून त्यांनी दाराची कडी काढली असती, असेही मला वाटते. सण पाळणे ही ज्याची त्याची खुशी, हे आपण सहज बोलून जातो. जिथे माणसे हजारांनी आहेत, तिथे ते खरेही असेल. जिथे दहा मिळवताना दमछाक होते, तिथे एकाच्या खुशीवर दुसऱ्याच्या बापाचा कद्दीश अडलेला असतो.

2024 सालच्या दसऱ्याला मी पनवेलला होतो. संध्याकाळी आळीतून गेलो. त्या घराला कुलूप होते, माणसे मंदिरात. दुसऱ्या दिवशी सकाळी आपट्याची दोन पाने खिशात घालून पुन्हा गेलो. दार उघडे होते. त्याने पाने हातात घेतली, कडांनी सुकलेली पाहिली, आणि आत हाक मारली, "अग, हलव्याचा डबा आण. शिळे सोने आले!"