जळक्या लाकडाची गोडी

फ्रीजमधून काढलेली बिअर लगेच प्यायची नाही, अर्धा तास टेबलावर ठेवायची, असं शिकागोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने सांगितलं तेव्हा मला ते पटेना. बिअर म्हणजे थंडगारच, अशी आपली समजूत. पण त्याने उघडलेली बाटली वेगळी होती. राय आणि बार्ली या धान्यांच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची, १३ टक्के अल्कोहोल असलेली, काळपट तांबड्या रंगाची बिअर. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात ती वर्षभर मुरली होती. ‘ओल्ड फॅशन्ड’ या कॉकटेलवरून ती बेतली आहे, असं लेबलवर लिहिलेलं.

मी न थांबता एक घोट घेतला. कडवट, थोडी तुरट, बाकी काही नाही. “ताई, आता ग्लास दोन्ही हातांत धरून नुसती बस,” तो म्हणाला. अर्ध्या तासाने त्याच ग्लासातून व्हॅनिलाचा वास आला, मागोमाग खोबऱ्याचा, मग लवंगेचा, आणि शेवटी संत्र्याच्या सालीचा. मधल्या वेळात ग्लासात कोणी काहीही घातलं नव्हतं. त्या अर्ध्या तासाचं कोडं मला परत येईपर्यंत सोडेना.

आधी ओल्ड फॅशन्डविषयी. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ या वृत्तपत्राने १३ मे १८०६ रोजी कॉकटेलची व्याख्या छापली होती: कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू मुळ्या-सालींचा अर्क. पुढे बारवाले त्यात नाना गोष्टी मिसळू लागले, तेव्हा ‘जुन्या पद्धतीचंच द्या’ म्हणणाऱ्यांमुळे हे नाव रूढ झालं. आज त्यात व्हिस्की असते, साखरेचा खडा, बिटर्सचे दोन-तीन थेंब आणि वर पिळलेली संत्र्याची साल.

बिअर बनवणारा या बिअरमध्ये व्हिस्की ओतत नाही, साखरेचा खडाही टाकत नाही. तरी ती चव येते, आणि तिच्यात मोठा वाटा लाकडाचा असतो.

अमेरिकी कायद्यानुसार बर्बन ही आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. म्हणजे बर्बनवाल्याला एक पिंप एकदाच वापरता येतं. सुमारे २०० लिटरची ही भक्कम पिंपं मग जगभर जातात. स्कॉटलंडला जातात, तशी गोव्यातही येतात. तिथली पॉल जॉन सिंगल माल्ट व्हिस्की बर्बनच्या अशाच पिंपांत मुरते. शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीने १९९०च्या दशकात अशा पिंपांत दाट काळी स्टाउट बिअर भरली. ‘बर्बन काउंटी स्टाउट’ या नावाने ती गाजली, आणि अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींना वाट सापडली. स्कॉटलंडमध्ये तर गंमत झाली. विल्यम ग्रँट या व्हिस्की कंपनीला आपल्या पिंपांना बिअरचा वास लावून हवा होता, त्यासाठी त्यांत भरलेली बिअर नंतर टाकून दिली जायची. कामगारांनी ती चाखली, तर ती फेकण्यासारखी नव्हतीच. त्यातून २००३ मध्ये ‘इनिस अँड गन’ ही बिअर बाजारात आली.

पिंपाला ओकच का? अमेरिकी पांढऱ्या ओकच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या झाडाच्या हयातीतच फुग्यांसारख्या पेशीवाढीने बुजतात, म्हणून पिंप गळत नाही. पण खरी किमया आगीची. फळ्यांचं पिंप जुळलं की त्याच्या पोटात जाळ सोडतात, जेमतेम अर्धा ते एक मिनिट. आतला थर कोळसा होतो. हा कोळसा व्हिस्कीतली गंधकाची उग्र द्रव्यं शोषून घेतो. त्याच्या मागे, जळण्याइतकी आच न लागलेला पण चांगला भाजलेला तांबूस थर असतो, आणि सगळी श्रीमंती त्या थरात आहे. लाकडाचा सुमारे पाव हिस्सा लिग्निन असतं, झाडाला ताठ उभं ठेवणारं. ते आचेने तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन सुटतं. व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य सुगंध तो हाच. लिग्निनच्याच तुकड्यांतून धुराचा वास देणारं ग्वायकॉल येतं. लवंगेला लवंगपण देणारं युजेनॉलही ओकमध्ये असतं. हेमिसेल्युलोज हे लाकडातल्या साखरांच्या साखळ्यांचं द्रव्य, ते भाजून कॅरमेलसारखा वास देतं. आणि खोबरं? तो ओकच्या अंगच्या लॅक्टोनचा गंध. आमच्याकडे भाजणी करताना धने-डाळी एका विशिष्ट रंगावर उतरवतात, जरा पुढे गेलं की करपतं. पिंप भाजणाऱ्याची नजर त्याच जातीची.

रिकाम्या म्हणून आलेल्या पिंपाच्या फळ्यांत काही लिटर व्हिस्की मुरलेली असते. बिअर भरली की ती व्हिस्की हळूहळू बाहेर पडते, सोबत वरची सगळी द्रव्यं घेऊन. लाकडातले टॅनिनही उतरतात. हिरडा चघळल्यावर जीभ आवळून येते, ती याच वर्गातल्या टॅनिनांमुळे. माझ्या पहिल्या थंड घोटातला तुरटपणा मी त्यांच्याच खात्यावर टाकते.

लाकूड श्वास घेतं, असं ब्रुअर म्हणतात. फळ्यांतून अगदी थोडा ऑक्सिजन आत झिरपतो. बेताचा असला तर मनुका-खजुराची छटा येते, जास्त झाला तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. आणि त्याच लाकडात जिवाणू लपतात. बर्बन काउंटीच्या २०१५ च्या काही बाटल्या लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स या जिवाणूमुळे आंबट निघाल्या. तो दह्यातल्या जिवाणूंचा भाऊबंदच, पण दारूतही तग धरणारा. कंपनीने लोकांना पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षीपासून पाश्चरीकरण सुरू केलं.

आता बिटर्स. सर्वांत प्रसिद्ध बिटर्स अँगोस्टुराचं. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचे सेनानी सिमोन बोलिव्हार यांच्या सैन्यातले जर्मन डॉक्टर योहान सीगर्ट यांनी ते १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींसाठी तयार केलं. आज ते त्रिनिदादमध्ये बनतं. कृती गुप्त आहे, पण जेन्शियन या वनस्पतीचं मूळ त्यात असल्याचं बाटलीवरच लिहिलेलं असतं. मावसभावाच्या बिअरमध्येही तेच मूळ होतं. त्यातलं अमॅरोजेन्टिन हे निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक. आणि ते आपल्या ओळखीचं आहे! जेन्शियनच्याच कुळातल्या, हिमालयातून येणाऱ्या काडेचिराईतात अमॅरोजेन्टिन असतं. लहानपणी तापात नाक दाबून प्यायलेल्या त्या काढ्याची आठवण शिकागोच्या स्वयंपाकघरात आली, ती उगाच नव्हे. (कोकणात अंगणात उगवणारं किराईत वेगळं, त्याचं कुळही वेगळं.) गोड ओळखण्यासाठी आपल्या जिभेकडे मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राहक-रेणू आहे, कडू ओळखण्यासाठी सुमारे २५. अनेक विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून हा कडेकोट पहारा.

मग तो अर्धा तास? थंड द्रवातून सुगंधी रेणू हवेत कमी उडतात, हे एक कारण. दुसरं जिभेतच आहे. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की गोड चवीचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम५ ही पेशीतली वाट १५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ऊब वाढेल तशी अधिक उघडते. वितळलेली कुल्फी फार गोड लागते ती यामुळेच. ग्लास हातात तापला तसा माल्टचा गोडवा जिभेला कळू लागला.

तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. घोट गिळताना तोंडातली वाफ घशाच्या मागून नाकात चढते, आणि तो वास मेंदू जिभेच्या खात्यावर जमा करतो. फ्रँक आणि बायरम या संशोधकांनी १९८८ मध्ये गोड क्रीममध्ये स्ट्रॉबेरीचा वास मिसळला, तर लोकांना ते अधिक गोड लागलं. शेंगदाण्याच्या लोण्याचा वास मिसळल्यावर तसं झालं नाही. आणि नाक दाबून चाखल्यावर स्ट्रॉबेरीने वाढवलेली गोडीही नाहीशी झाली. व्हॅनिलाचा वासही गोडी अशीच वाढवतो. साखरेच्या खड्याची जागा त्या ग्लासात बऱ्याच अंशी जळक्या लाकडातल्या व्हॅनिलिनने घेतली होती, असं मी म्हणेन.

हे अनुभवायला दारू लागत नाही. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. घरी वेलची-केशर घातलेलं श्रीखंड असेल तेव्हा नाक घट्ट दाबून एक चमचा तोंडात घ्या. आंबट-गोड एवढंच कळेल. गिळण्याआधी बोटं सोडा. वेलची कुठून आली ते पाहा, आणि गोडी वाढली का, हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा.