‘स्टार फॉक्स’च्या खेळाडूंना नेमकं काय खुपतं?

अंतराळयुद्धाच्या गेम्सची कोणतीही जुनी मालिका घ्या, तिच्या खेळाडूंबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: या लोकांना काहीही द्या, पटायचं नाही. नवा भाग वेगळा निघाला की ‘जुनाच बरा होता’, आणि जुन्यासारखा निघाला की ‘मग यात नवीन ते काय?’ धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी बनवणाऱ्यांची गत. निंटेंडोची ‘स्टार फॉक्स’ मालिका याचा ठरलेला दाखला म्हणून पुढे केली जाते. फॉक्स नावाचा कोल्हा आणि त्याचे तीन साथीदार आर्विंग नावाच्या लढाऊ यानांतून लिलॅट ग्रहमालेचं रक्षण करतात, एवढीच तिची मूळ गोष्ट. १९९३ पासून तिचे जे भाग आले त्यांतल्या बहुतेकांवर खेळाडूंनी कडाडून वाद घातले. त्यावरून निष्कर्ष काढला जातो की हा सगळा बालपणीच्या आठवणींचा हट्ट आहे, आणि बदल नको असणाऱ्यांना खूश करता येत नाही. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. भागांची एकेक करून तपासणी केली तर खेळाडूंची मतं चांगलीच सुसंगत दिसतात. बदलाला त्यांचा विरोध कधीच नव्हता. बदल कशाच्या बदल्यात येतो, हे मात्र ते डोळ्यांत तेल घालून पाहत आले.

आधी या गेमच्या जातीबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. यान आपोआप पुढे सरकत राहतं, खेळाडूने ते फक्त डावी-उजवीकडे, वर-खाली न्यायचं आणि गोळ्या झाडायच्या. अशा प्रकाराला ‘रेल शूटर’ म्हणतात, आणि ‘रेल’ या शब्दामुळे वाटतं की खेळाडूच्या हाती काही नसतं, रुळांवरून गाडी जावी तसा खेळ जातो. पहिला ‘स्टार फॉक्स’ सुपर एनईएसवर आला तेव्हा तसं वाटायला कारणही होतं. त्या यंत्राला त्रिमिती चित्रं काढणं झेपणारं नव्हतं. अर्गोनॉट या ब्रिटिश कंपनीच्या तरुण प्रोग्रॅमरांच्या मदतीने ‘सुपर एफएक्स’ नावाची वेगळी चिप तयार झाली आणि ती कार्ट्रिजमध्येच बसवली गेली. तरीही चित्र सेकंदाला वीस वेळाही बदलत नसे. सपाट रंगांचे त्रिकोण-चौकोन, अडखळत सरकणारं आकाश. सुरुवातीला नकाशावर तीनपैकी एक वाट निवडायची आणि शेवटपर्यंत त्याच वाटेने जायचं. त्या मर्यादांत तो खेळ विलक्षण होता. पण ‘आमच्या लहानपणीचा तोच खरा’ हा हट्ट असता, तर खेळाडूंनी हाच भाग डोक्यावर घेऊन ठेवला असता. तसं झालं नाही. मालिकेचा मानदंड म्हणून बहुतेक जण नाव घेतात ते १९९७ च्या ‘स्टार फॉक्स ६४’चं, आणि तो तर बदलांनी खच्चून भरलेला आहे.

इथे दुसरा गैरसमज येतो. ‘६४’ हा पहिल्या भागाचा पुढचा भाग आहे असं सर्रास समजलं जातं. कथेच्या दृष्टीने तसं नाही. तीच ग्रहमाला, तोच अँड्रॉस नावाचा खलनायक, तेच युद्ध पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आहे. युरोपात तर हा गेम ‘लिलॅट वॉर्स’ या नावाने विकला गेला आणि पहिला भाग तिथे ‘स्टारविंग’ होता, त्यामुळे तिथल्या दुकानात दोन्ही खोकी शेजारी ठेवली तरी नावावरून नातं कळलं नसतं. नवीन होतं ते खेळण्यात. पहिल्या भागात अगम्य बडबडणारे साथीदार इथे बोलू लागले. कंट्रोलर थरथरवणारा रम्बल पॅक याच गेमसोबत आला. काही ठिकाणी यान रूळ सोडून मोकळ्या मैदानात चौफेर फिरू लागलं. पाण्याखाली पाणबुडी आली, जमिनीवर रणगाडा आला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वाटा नकाशावर न निवडता खेळता खेळता उघडू लागल्या.

पहिलाच टप्पा पाहा. कॉर्नेरिया या ग्रहावर पाण्यावरून उडताना फाल्को या साथीदाराच्या मागे शत्रू लागतात. त्यांना पाडून त्याला सोडवायचं, मग पुढे पाण्यात उभ्या असलेल्या दगडी कमानींपैकी एकही न चुकवता प्रत्येकीच्या खालून यान न्यायचं. हे साधलं की फाल्को ‘माझ्यामागे ये’ म्हणतो आणि धबधब्यामागची वाट दाखवतो. तिथे शेवटचा शत्रू वेगळा आणि पुढचा ग्रहही वेगळा. एक कमान चुकली की सरळ नेहमीच्या रस्त्याने जायचं. मॅकबेथ या ग्रहावर तर रणगाड्यातून आगगाडीचा पाठलाग करताना वाटेतली आठ कुलपं फोडायची आणि मग सांधा बदलणाऱ्या खुणेवर नेमकी गोळी मारायची. तसं केलं तर गाडी रूळ बदलून शत्रूच्याच कोठारावर जाऊन आदळते आणि पुढे एरिया ६ ची अवघड लढाई वाट्याला येते. नाही जमलं तर बोल्सेची सोपी वाट, आणि तिच्या शेवटी अँड्रॉसचा खरा चेहरा दिसतच नाही. रूळ आहेत, पण सांधे खेळाडूच्या हाती आहेत.

म्हणूनच ‘तासाभरात संपणारा गेम’ हा या भागावरचा आक्षेप अर्धाच खरा आहे. एक खेप तासाभरात संपते, हे बरोबर. पण नकाशावर पंधरा ठिकाणं आहेत आणि एका खेपेत त्यांतली सातच पाहता येतात. शिवाय प्रत्येक ठिकाणी पदक आहे. कॉर्नेरियावर ते मिळवायला दीडशे शत्रू टिपावे लागतात आणि तिन्ही साथीदार शेवटपर्यंत टिकवावे लागतात. एखादा पडला तर तो पुढच्या टप्प्याला दुरुस्तीत असतो. सगळी पदकं जमवली की आणखी कठीण पातळी उघडते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. बंदिश दोन ओळींची असते, म्हणून मैफल दोन मिनिटांची होत नाही. ऐकणारा नव्या शब्दांसाठी बसलेला नसतो, तेच शब्द या वेळी समेवर कसे येतात ते ऐकायला बसलेला असतो. या गेमची सगळी किंमत पुनरावृत्तीत आहे, आणि पुनरावृत्तीत गोडी राहायची तर हाताला नेमकेपणा हवा: बटण दाबलं की तेच आणि तेवढंच व्हावं.

याच नेमकेपणाचं एक छोटं उदाहरण, ज्यात आणखी एक लोकप्रिय चूक दडली आहे. पेपी हा वयस्कर ससा तरुण फॉक्सला ओरडून ‘बॅरल रोल’ करायला सांगतो. ठरावीक बटण झटकन दोनदा दाबलं की यान गिरकी घेतं आणि शत्रूच्या गोळ्या परतवून लावतं. विमानविद्येत या गिरकीला बॅरल रोल म्हणत नाहीत. यान आपल्याच अक्षाभोवती फिरलं तर तो एलेरॉन रोल. बॅरल रोलमध्ये विमान फिरता फिरता पिपाच्या आतल्या भिंतीवरून जावं तशी वळणदार वाट कापतं. नाव चुकलं तरी दोनदा दाबण्याची ती क्रिया खेळाडूंच्या बोटांत इतकी मुरली की त्यांनी पुढचा प्रत्येक भाग याच विश्वासाच्या मापाने मोजला.

आता ‘स्टार फॉक्स २’. तो रद्द झाला म्हणजे फसलेला किंवा अर्धवट असणार, असं अनेक वर्षं मानलं गेलं. १९९५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात तो दाखवला गेला होता आणि त्याचं काम जवळपास पुरं झालं होतं. तो थांबवला गेला तो बाजाराच्या गणितामुळे. प्लेस्टेशन आणि सॅटर्न आले होते, निंटेंडो ६४ येऊ घातला होता, आणि जुन्या यंत्रावरची खडबडीत त्रिमिती नव्या यंत्राच्या तोंडावर दाखवणं कंपनीला नको होतं. या भागात शत्रू नकाशावर सतत कॉर्नेरियाकडे सरकत असतात, खेळाडूने कुठे आधी धावायचं ते ठरवायचं, यान पायांवर चालणाऱ्या यंत्रात बदलतं. रुळांचा जवळपास पत्ताच नाही, म्हणजे मालिकेतला हा सर्वांत धाडसी बदल. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तो सुपर एनईएस क्लासिक या छोट्या यंत्रासोबत अधिकृतपणे बाहेर आला, आणि आधी पहिल्या भागाचा पहिला टप्पा पार केला तरच खेळायला मिळत होता. खेळाडूंनी त्याचं मनापासून स्वागत केलं. हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद त्यात होता, हे मान्य. पण ज्यांना बदलच नको असतो, ते रूळच उखडून टाकणाऱ्या भागाचं कौतुक कशाला करतील?

ज्या भागांवर टीका झाली त्यांत समान धागा कोणता, हे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. २००२ चा ‘स्टार फॉक्स ॲडव्हेंचर्स’ वाईट गेम होता, ही समजूतही चुकीची. समीक्षकांनी त्याला चांगलंच म्हटलं होतं. रेअर ही ब्रिटिश कंपनी ‘डायनोसॉर प्लॅनेट’ नावाचा स्वतंत्र गेम बनवत होती. नायक वेगळा, कथा वेगळी. मध्येच त्यात फॉक्सला आणून बसवलं गेलं. त्या मूळ गेमची अपुरी आवृत्ती २०२१ मध्ये लोकांसमोर आली तेव्हा हा जोडकामाचा इतिहास प्रत्यक्ष दिसला. परिणाम असा की फॉक्स बहुतेक वेळ हातात काठी घेऊन जमिनीवर फिरतो आणि आर्विंग फक्त एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यापुरतं उरतं. नामकोने केलेल्या २००५ च्या ‘असॉल्ट’मध्ये पहिली मोहीम ताफ्यांच्या घनघोर लढाईची आहे, तिची स्तुती आजही होते. तक्रार आहे ती पायी चालण्याच्या मोहिमांबद्दल. २००६ च्या ‘कमांड’मध्ये यान डीएसच्या पडद्यावर लेखणी फिरवून चालवायचं होतं, आणि नऊ वेगवेगळे शेवट होते. त्यांतला खरा कोणता यावर खेळाडू आजही भांडतात, पण हाताच्या पकडीची तक्रार त्याहून जुनी आहे. एकूण दोन तक्रारी दिसतात: यानात बसण्याचा वेळ कमी झाला, किंवा यान हातातून निसटलं. नवेपणाबद्दल तक्रार नाही.

या म्हणण्याची खरी कसोटी २०१६ च्या ‘स्टार फॉक्स झीरो’ने घेतली. हा भाग पुन्हा एकदा तीच कथा पहिल्यापासून सांगतो. कॉर्नेरियाही तेच, जुन्या संवादांचे पडसादही तेच. आठवणींवर भुलणारे खेळाडू असते तर त्यांनी याच भागाला मिठी मारायला हवी होती. झालं उलटं. मतं दुभंगली, आणि वादाचा केंद्रबिंदू नियंत्रणं हा होता. टीव्हीवर यान मागून दिसायचं, हातातल्या गेमपॅडच्या पडद्यावर चालकाच्या नजरेतून, आणि नेम धरायचा तो गेमपॅड हवेत हलवून. धावत्या यानातून गोळी मारताना नजर दोन पडद्यांत वाटायची. जिथे एका कमानीवर पुढचा ग्रह ठरतो, तिथे ही विभागणी केवढी महाग पडेल हे सांगायला नको. बचाव करणारे म्हणतात की चार-पाच तास दिले की हात बसतो, आणि मग दोन दिशांना एकाच वेळी लढता येतं. ते खोटं नाही. पण ‘६४’सारखे भाग पहिल्याच खेपेत हाती येत आणि पुढे वर्षानुवर्षं उलगडत. इथे क्रम उलटा झाला.

‘मग खप पाहा, तो बोलतो ना?’ असा शेवटचा आक्षेप येतो. खप बोलतो, पण तो यंत्राबद्दलही बोलतो. निंटेंडो ६४ चे ३ कोटी २९ लाख संच विकले गेले, ‘झीरो’ ज्यावर आला त्या वी यूचे १ कोटी ३६ लाखांच्या आतच राहिले. ज्या घरात यंत्रच नाही तिथल्या खेळाडूने ‘झीरो’ नाकारला असं म्हणता येत नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. म्हणून मत जोखायचं तर खपापेक्षा तुलना कामाची, आणि ती तुलना आयती उपलब्ध आहे. २०११ मध्ये ‘स्टार फॉक्स ६४’ थ्रीडीएसवर नव्याने आला. त्यातही यंत्र तिरकं करून यान वळवण्याची सोय होती. हवी तर घ्या, नको असेल तर नेहमीसारखं बोटांनी चालवा, अशी. यंत्र हलवून खेळण्यावरून तेव्हा वादळ उठलं नाही. ‘झीरो’मध्ये गेमपॅड फक्त गोळी झाडताना हलवावा लागेल, एवढी सूट सेटिंग्जमध्ये मिळते. हे हलवणं पूर्णपणे बंद करायचं बटण मात्र कुठेच नाही.