फुगणाऱ्या लाकडाची करामत

ब्रिटनमध्ये वसंत आला की छोट्या शिडाच्या लाकडी होड्यांच्या शर्यतींचा मोसम सुरू होतो. हिवाळाभर शेडमध्ये सुकलेली जुनी होडी पाण्यात उतरली की आधी चांगलीच गळते. मालक मात्र निर्धास्त असतो, कारण एक-दोन दिवसांत फटी आपोआप बुजतात.

लाकडाच्या पेशींच्या भिंती पाणी शोषून फुगतात, पण आडव्या दिशेनेच. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पावसाळ्यात घराचं दार चौकटीत अडकतं ते याचमुळे. या होड्यांच्या फळ्या कडेवर कड चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात. फळ्या फुगल्या की कडा घट्ट बसतात. म्हणूनच अशा होडीवर वरून फायबरग्लास चढवणं मला घातक वाटतं. फळ्या आत फुगत-आकसत राहतात, थर सुटतो आणि कोंडलेल्या ओलीने लाकूड कुजतं.

मोडलेली बरगडी बदलायची तर ओकची पट्टी वाफेच्या पेटीत ठेवतात, इंचभर जाडीला साधारण तासभर. उष्णतेने त्यातलं लिग्निन मऊ होतं. बाहेर काढल्यावर ती झटपट वाकवून बसवावी लागते. गार झाली की वळण पक्कं.

उफा फॉक्स यांच्या आराखड्याची १२ फुटी ‘फायरफ्लाय’ वेगळ्या जातीची. पातळ लाकडी थर साच्यावर तापवून चिकटवलेले, त्यामुळे बुजवायला फटीच नाहीत. १९४८च्या ऑलिंपिकमध्ये याच होडीत डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या तिन्ही ऑलिंपिकमध्येही ते सुवर्णविजेते ठरले.