सेकंदाला एक आकडा

'सात, दोन, नऊ, चार.' परीक्षक दर सेकंदाला एक आकडा म्हणतात आणि मूल ते त्याच क्रमाने परत म्हणतं. पुढे उलट्या क्रमाने. संच लांबत जातो, आणि कुठेतरी साखळी तुटते. डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीत हा प्रकार १९४९ पासून आहे. कानावर पडलेलं क्षणभर मनात धरून त्याची उलटापालट करणं, ही मेंदूची केवढी मोठी करामत एवढ्याशा खेळात दिसते!

२०२० मध्ये कोविडने दवाखान्यांची दारं बंद केली आणि असे आकडे व्हिडिओ कॉलवरून जाऊ लागले. तेव्हा त्या एका सेकंदाचं मोल कळलं. नेट अडखळलं की एखादा आकडा गिळला जातो. कधी दोन आकडे चिकटून येतात, आणि जोडीने आलेले आकडे लक्षात ठेवायला उलट सोपे जातात! म्हणजे गुण कमी होतील की जास्त, हेही सांगता येत नाही. शिवाय संच पुन्हा म्हणून दाखवायचा नाही, असा नियम. म्हणून चाचणीआधी नेटचा वेग, आवाज, हेडफोन सगळं तपासायचं आणि मध्ये खंड पडला तर तशी नोंद करायची.

याच चाचणीतल्या लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची गोष्ट आणखी विलक्षण. चित्र बघून तशीच नक्षी जुळवायची. गुण वेळेवर आणि अचूकतेवर मिळतात, पण जाणकार परीक्षकाची नजर हातांवर असते. मूल कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करतं, ठोकळा फिरवून बघतं की अंदाजाने ठेवतं, चौकोनाची चौकटच मोडतं का? सारखेच गुण मिळवणारी दोन मुलं अगदी वेगळ्या वाटांनी तिथे पोचलेली असतात. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, टेबल दिसत नाही. म्हणून दुसरा कॅमेरा वरून हातांवर रोखतात. ठोकळ्यांऐवजी पडद्यावर पर्याय दाखवले, तर मुळात प्रश्नच बदलतो, कारण हाताचं काम त्यातून निघून जातं.

मुलाचे गुण त्याच वयाच्या इतर मुलांशी ताडून बघतात, सरासरी १००. ती इतर मुलं मात्र परीक्षकासमोर, टेबलाशी बसलेली होती. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली, कारण परक्या मुलांची फूटपट्टी इथल्या मुलांना लावणं अन्यायाचं होतं. पडद्यामुळे तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. तोंडी चाचण्यांचे गुण समोरासमोर आणि पडद्यावर बरेचसे जुळतात, असं आतापर्यंतचे अभ्यास दाखवतात. हाताने करायच्या कामांबाबत मला वाटतं घाई नको.

व्हिडिओवरच्या चाचणीत लहान मुलाजवळ घरातलं कुणीतरी लागतंच. आईला मागे, गप्प बसायला सांगतात. उत्तर माहीत असताना आपल्या लेकरासमोर ओठ मिटून बसणं किती अवघड! तिने चुकून काही सुचवलं तर तेही अहवालात येतं. गुणांच्या शेजारी चाचणी कुठून, कशी घेतली याची नोंद असते, आणि ती वाचल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून शाळेने काही ठरवू नये.