मुका माज, बोलका मोबाइल

गाय माजावर आली की हंबरते, अस्वस्थ होते, गोठ्यात कुणाच्याही ते ध्यानात येते. म्हशीचे तसे नाही. विशेषतः उन्हाळ्यात ती माजावर येऊन जाते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. पशुपालक याला मुका माज म्हणतात. तो हुकला की पुढची संधी साधारण 21 दिवसांनी येते. तेवढे दिवस वैरण, पेंड, मजुरी चालूच राहते आणि भाकड काळ वाढतो. म्हशीचा गाभणकाळ आधीच दहा महिने दहा दिवसांच्या घरात असतो. त्यात असे दोन-तीन माज हुकले की गोठ्याचा वर्षाचा हिशेब कोलमडतो.

तारखा लक्षात ठेवणे हे यंत्राला सहज जमणारे काम आहे. सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या भिलवडीत 1939 मध्ये सुरू झालेल्या चितळे डेअरीने ते फार आधी ओळखले. जनावरांच्या कानात आरएफआयडी बिल्ले बसवून प्रत्येकीचे दूध, खुराक, लसीकरण आणि आजारपण संगणकात नोंदवायला डेअरीने सुरुवात केली. अशा बिल्ल्यात सहसा बॅटरी नसते. वाचक यंत्राच्या रेडिओलहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक परत पाठवतो. दूध घटू लागले किंवा लशीची वेळ आली, की शेतकऱ्याच्या साध्या मोबाइलवर सूचना जाते: खुराक बदला, लस टोचून घ्या.

इथली खरी हुशारी बिल्ल्यापेक्षा नोंदीच्या पद्धतीत आहे. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) मोजून चिठ्ठी मिळतेच. पण पाच म्हशींचे दूध एकाच किटलीत आलेले असते. त्यातल्या एकीला कासदाहाची सुरुवात झाली, तरी बाकी चौघींच्या दुधात ती झाकली जाते. सुप्त कासदाहात कास सुजत नाही, दुधात गुठळ्या दिसत नाहीत, फक्त दूध हळूहळू कमी होते. ही घसरण दिसायची तर त्या एका म्हशीचे आकडे दिवसामागून दिवस शेजारी शेजारी मांडावे लागतात. वहीत ते कुणी मांडत नाही. नोंदीच्या ॲपमध्येच ती तुलना बसवली, तर वेगळे काही करावे लागत नाही आणि डॉक्टर आठवडाभर आधी येतो.

माहितीचे विश्लेषण रोजच्या वापरात मुरवायचे ते असे. महिन्याच्या शेवटी छापलेला अहवाल कपाटात जातो. धार काढताना आलेला मेसेज कामाला येतो.

हाच धडा वारणा खोऱ्याने वेगळ्या वाटेने शिकवला. 1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावी संगणक केंद्रे बसली. बाजारभावापासून शेतीसल्ल्यापर्यंत बरेच काही द्यायचा बेत होता. प्रत्यक्षात शेतकरी तिथे जायचा तो मुख्यतः आपल्या उसासाठी: वजन किती भरले, तोडणीची परवानगी निघाली का, खताचे काय झाले? पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकावरची ही सगळी कामे त्यांनी एसएमएसवर आणली. 2007 च्या शोधनिबंधात त्यांनी नोंदवले, की नवी पद्धत स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक आवडणारी ठरली. लाखो रुपयांच्या यंत्रणेचे काम खिशातल्या फोनने करून दाखवले. हे यश मला फार मोलाचे वाटते, कारण शेतकऱ्याला काय हवे ते आधी पाहिले गेले आणि यंत्र मागून आले.

उसात वेळेला किती किंमत आहे, हे कराड-वाळव्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तोडलेल्या उसातली साखर विकरांमुळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटू लागते. वाहन अड्ड्यावर अडकून पडले, की वजन आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, दोन्ही घटतात. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा उतारा अवघ्या 0.1 टक्क्याने वाढला, तर हजार टन साखर जास्त निघते. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3400 रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) होती आणि त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 33 रुपये 20 पैसे जादा. लागणीची तारीख, जात, ब्रिक्स (रसाची गोडी) आणि तोडणी टोळ्यांची हालचाल कारखान्याच्या शेतकी विभागाच्या ॲपमध्ये एकत्र आली, तर पक्व ऊस आधी तुटतो. त्यासाठी मात्र तोडणीची पाळी ठरवताना ओळखीचा फोन बाजूला ठेवावा लागेल.

रोजच्या नोंदीचे मोल शेत-गोठ्याबाहेरही दिसते. सातारा जिल्ह्यात, माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. भाजीवालीला दिवसाची कमाई बुडवून बँकेत येणे परवडत नाही, म्हणून बँकच तिच्या दारी जाऊ लागली. रोज भरलेल्या लहान रकमांची नोंद साठत गेली, की कुठल्या महिन्यात हात आखडतो आणि कुठल्या महिन्यात पैसा खेळतो ते दिसते. तारणाला काही नसलेल्या बाईसाठी ही नोंद मोठा आधार ठरू शकते.

पुन्हा गोठ्याकडे वळू. आता देशभर जनावरांच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला आहे आणि ‘भारत पशुधन’ ॲपवर त्याची नोंद होते. वेत, रेतन, लसीकरण प्रामाणिकपणे भरले गेले, तर बाजारात म्हैस घेणाऱ्याला दलालाच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही. तिसऱ्या वेताची म्हैस दुसऱ्या वेताची म्हणून गळ्यात मारणे अवघड होईल आणि चांगल्या जोपासलेल्या म्हशीचा रास्त भाव तिच्या मालकाला मागता येईल.