‘बॅटरीवर केलेली’ मोटारगाडी : एका प्रयोगाचा अर्थ

पेट्रोलची जुनी मोटारगाडी विजेवर चालविता येते काय, हा प्रश्न आता केवळ यंत्रशास्त्राच्या अभ्यासकांचा राहिलेला नाही. ‘गाडी गॅसवर केली’ हा वाक्प्रयोग मराठीत रूढ आहे. त्याच्याच धर्तीवर ‘गाडी बॅटरीवर केली’ असे म्हटले जाते. दोन्ही वाक्यांची घडण एकच असल्यामुळे दोन्ही कृतीही एकाच जातीच्या असाव्यात, असा ग्रह होतो. तो ग्रह चुकीचा आहे, आणि बुलढाण्यासारख्या घाटाच्या मुलखात तो धोक्याचाही ठरू शकतो. प्रस्तुत लेखात या वाक्प्रयोगाचा आणि त्यामागील यंत्राचा एकत्र विचार करावयाचा आहे.

‘-वर’ हे शब्दयोगी अव्यय मूलतः आधार दाखविते. त्यातूनच निर्वाहाचा अर्थ निघाला : माणूस भाकरीवर जगतो, घर पगारावर चालते. ‘पेट्रोलवर चालणे’ हा प्रयोग याच वर्गात मोडतो. गाडी काय खाते एवढेच तो सांगतो. खाल्लेले पचविणारे इंद्रिय कोणते, याविषयी तो मौन पाळतो. आजवरच्या रूपांतरांत या मौनाने काही बिघडले नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा कोळशापासून काढलेल्या वायूवर मोटारगाड्या धावल्या. पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. या दोन्ही वेळी अन्न बदलले. इंजिन मात्र जागेवरच राहिले.

वीज ही त्या अर्थाने इंधन नव्हे. ‘इंधन’ हा शब्दच ‘इन्ध्’, म्हणजे पेटविणे, या धातूपासून आलेला आहे. विजेच्या गाडीत पेटविण्याजोगे काहीच नसते. म्हणून येथे इंजिन, पेट्रोलची टाकी व सायलेन्सर काढून टाकावे लागतात. त्यांच्या जागी मोटर, तिला लागेल तेवढीच वीज पुरविणारा कंट्रोलर, बॅटरी-संच, त्यातील प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि चार्जर ही मंडळी येतात. जुना गिअरबॉक्स ठेवावयाचा असल्यास मोटर व तो यांमध्ये अचूक मापाची जोडपट्टी बसवावी लागते. मोटर स्थिर अवस्थेपासूनच भरपूर जोर देते. म्हणून गाडी उभी असताना तिला फिरत ठेवण्याची गरज नसते, आणि वारंवार गिअर बदलण्याचे कारणही बहुधा उरत नाही.

परंतु इंजिन काढले की केवळ चाके फिरविणारा गेला, असे होत नाही. घरातील कर्ता माणूस गेल्यासारखे ते असते. दिव्यांची वीज, वातानुकूलनाचा पट्टा, काही गाड्यांत स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य, ही सर्व कामे तोच पाहत होता. सर्वांत महत्त्वाची बाब ब्रेकची. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेते तेव्हा नळीत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, आणि तिच्या बळावर पायाचा दाब अनेक पटींनी वाढून ब्रेकला पोहोचतो. इंजिन गेले की हे साहाय्यही गेले. त्यासाठी विजेवर चालणारा स्वतंत्र निर्वात-पंप, किंवा त्याच तोडीची दुसरी व्यवस्था, करावीच लागते. ‘बॅटरीवर केली’ या दोन शब्दांत या पंपाची आठवण करून देणारे काहीही नाही.

आता वजनाचा हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. ३५ लिटरची टाकी म्हणजे सुमारे ३१५ युनिट, आणि त्या पेट्रोलचे वजन जेमतेम २६ किलोग्रॅम. इंजिन त्यातील साधारण चौथा हिस्साच कामी लावते, तर मोटर ८० ते ९० टक्के लावते. तरीही तेवढेच काम विजेकडून घ्यावयाचे म्हटले, तर लिथियम-आयन बॅटरी-संचात दर किलोग्रॅमला सुमारे ०.१५ युनिट मावते हे लक्षात घेता, ६०० किलोग्रॅमचा संच लागेल. लहान गाडीच्या सांगाड्याला हे ओझे पेलणारे नाही. व्यवहारात २० युनिटांचा, सव्वाशे-दीडशे किलोग्रॅमचा संच बसवावा लागतो. युनिटला ७ किलोमीटर धरल्यास १४० किलोमीटरचा पल्ला मिळतो.

बुलढाणा ते मलकापूर, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, या पल्ल्यात बसते. मात्र मध्ये राजूर घाट आहे. एक टन वजन ४०० मीटर उंच चढविण्यास सुमारे १.१ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे घाटावर परत येताना सात-आठ किलोमीटरचा पल्ला निव्वळ चढणीतच खर्च होतो. उतरताना मोटर उलट वीज निर्माण करून गाडीला आवर घालते व काही ऊर्जा परत मिळते. पण बुलढाण्याला बॅटरी पूर्ण भरून लगेच घाट उतरू लागल्यास ती वीज साठविण्यास जागाच नसते. तेव्हा मोटरचा आवर कमी पडतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनाचा आवर पूर्वीच गेलेला असतो. निर्वात-पंपाचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

कायद्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये इंजिनातील असा बदल निराळ्या इंधनासाठी ‘किंवा ऊर्जास्रोतासाठी’ असल्याचे म्हटले आहे, आणि बॅटरी, सीएनजी, सौरऊर्जा, एलपीजी यांना एकाच ओळीत बसविले आहे. तांत्रिक मानकाने मात्र भेद पाळला आहे. विद्युत्-रूपांतराच्या संचांसाठी ‘एआयएस-१२३’ हे स्वतंत्र मानक आहे. मान्यताप्राप्त संच बसवून परिवहन कार्यालयात नोंदणी-पुस्तकातील नोंद बदलून घेतल्याखेरीज एमएच-२८ क्रमांकाची ही गाडी कायद्याच्या दृष्टीने पेट्रोलचीच राहते. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न तेथेच अडतो.

मग या कृतीला म्हणावे तरी काय? त्याचे उत्तर विहिरीवर मिळते. मोट गेली, ऑइल इंजिन आले. पुढे वीज आली तेव्हा शेतकऱ्याने ‘विहीर विजेवर केली’ असे म्हटले नाही. ‘इंजिन काढून मोटर बसवली’ असे म्हटले. काय गेले आणि काय आले, हे दोन्ही त्या वाक्यात आहे. विहिरीवरच्या इंजिनाला पाणी उपसण्याचे एकच काम होते, म्हणून तेथे वाक्य पूर्ण झाले. मोटारगाडीच्या बाबतीत त्यापुढे एक प्रश्न जोडावा लागतो : काढलेले इंजिन आणखी काय काय करीत होते? शब्द असा निवडावा की हा प्रश्न विचारण्याचे भान राहील. ‘बॅटरीवर करणे’ हा प्रयोग ते भान राखीत नाही. ‘इंजिन काढून मोटर बसविणे’ हा राखतो.